नवा तंबू आधी गच्चीवर उभा करून बघा

तंबू घरी आला त्या दिवशी आम्ही पिशवीत डोकावून कापडाचा रंग बघितला, ‘छान आहे’ म्हणालो आणि पिशवी माळ्यावर टाकली. दोन आठवड्यांनी, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी साडेसहाला, करमाळा तालुक्यात उजनीच्या काठाजवळच्या शेतावर तीच पिशवी मोबाईलच्या उजेडात रिकामी केली. पोल तीन हवे होते, निघाले दोन. सूचनांच्या कागदावरची चित्रं इतकी बारीक की भिंग लागावं. पहिली मेख मुरमात दोन बोटं गेली आणि केसाच्या पिनेसारखी वाकली. रात्र मावसदिरांच्या पडवीत काढली. मुलांना मजाच वाटली म्हणा, पण ह्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

वाईट ह्याचं वाटलं की यातली प्रत्येक गोष्ट घरी, दिवसाढवळ्या कळली असती. तेव्हा दुकान उघडं होतं आणि माल परत करायची मुदतही संपली नव्हती. म्हणून नवा तंबू घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: पहिल्यांदा तो घरी लावा. लावायची सवय होते हा फायदा आहेच, पण खरा फायदा म्हणजे तंबूत काय कमी आहे, काय कच्चं आहे, ते घरी असतानाच कळतं. खाली लिहिलंय ते चार माणसांच्या, घुमटासारख्या, दोन कापडांच्या तंबूबद्दल आहे. आत जाळीचा तंबू आणि वरून पावसाचं कव्हर, असे तंबू हल्ली सगळीकडे मिळतात.

जागा: गच्ची आणि माती, दोन्ही

सोलापुरात बहुतेकांकडे स्लॅबची गच्ची असते. सुटे भाग मोजायला, पाणी मारून बघायला आणि एक रात्र झोपून बघायला गच्चीसारखी जागा नाही. पण स्लॅबमध्ये मेख जात नाही. त्यामुळे मेखांची परीक्षा मातीतच घ्यावी लागते. त्यासाठी घराजवळचा मोकळा प्लॉट बघा, मालकाला विचारून. शेत असेल तर उत्तमच.

प्लॉटवर तंबू पसरण्याआधी जमीन खराट्याने झाडून घ्या. आपल्याकडच्या पडीक जागेत वेडी बाभूळ आणि सराटे ठरलेले. सराट्याचा एक काटा तंबूच्या तळाला भोक पाडायला पुरतो, आणि ते भोक दिसतं ते थेट पावसात, अंथरूण ओलं झाल्यावर.

वेळ संध्याकाळी पाचनंतरची धरा. दुपारी स्लॅब तापलेला असतो आणि तंबूच्या आत तर भट्टीच. शिवाय पॉलिएस्टर आणि नायलॉन उन्हात हळूहळू कमजोर होतं, त्यामुळे ‘राहू दे दोन दिवस उभा’ असं करू नका.

पहिली पायरी: मोजणी

जुनी चादर अंथरा आणि पिशवीतलं सगळं तिच्यावर काढा. चादर अशासाठी की पोलची छोटी टोपी किंवा दोरीवरची प्लास्टिकची पट्टी घरंगळली तर गच्चीच्या पन्हाळीतून थेट खाली. मग कागदावरच्या यादीशी ताडून बघा: आतला तंबू, वरचं कव्हर, पोल किती, मेखा किती, दोऱ्या किती. सगळं नीट मांडून एक फोटो काढा. काही कमी असेल तर दुकानदाराशी बोलताना तो फोटो उपयोगी पडतो, आणि सहलीवरून निघताना काय काय परत पिशवीत जायला हवं तेही त्यावरून कळतं.

मोजणी मुलांकडे सोपवा. आमच्या धाकट्याने मेखा स्टीलच्या डब्यात एकेक टाकत मोजल्या, टण टण आवाज करत. त्याच्या मोजणीत एक जास्त आली म्हणून पुन्हा मोजलं, तर खरंच एक जास्त होती. अशी चूक झालेली चालते.

पोलचा प्रत्येक तुकडा हाताळून बघा. स्वस्त तंबूत ते फायबरग्लासचे असतात आणि आतून इलॅस्टिकच्या दोरीने जोडलेले असतात. त्यावर उभी चीर दिसली किंवा धागे सुटल्यासारखे वाटले तर उघड्या बोटाने चाचपू नका. फायबरग्लासची कुसळं कातडीत घुसतात आणि दोन दिवस ठसठसत राहतात. असा पोल बदलून मागा.

दुसरी पायरी: उभारणी

तंबूचा तळ पसरा. दार कुठे येणार ते आत्ताच ठरवा, उभा झाल्यावर फिरवायला जड जातो. दार वाऱ्याकडे नको. चिमूटभर माती वरून सोडली की वारा कुठून येतो ते कळतं. पावसाळ्यात आपल्याकडे तो पश्चिमेकडून सुटलेला असतो.

वारा असेल तर पोल लावायच्या आधीच कोपरे अडकवून ठेवा. मातीत मेखेने, गच्चीवर विटांनी किंवा पाण्याच्या कॅननी. वीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे वीस किलोचं वजन. कॅनच्या मुठीला दोरी बांधली की काम होतं. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या शिगा बऱ्याच गच्च्यांवर असतात. त्यांच्या बुडाशी दोरी छान बांधता येते, फक्त टोकांवर रिकाम्या बाटल्या उलट्या खोचा, मुलं पळत असतात. हा घुमटाचा तंबू मेखेशिवायही उभा राहतो, पण उभा राहतो म्हणजे जागेवर टिकतो असं नाही. आमचा एकदा वाऱ्याच्या एकाच झोताने कठड्यापर्यंत गेला होता.

आता पोल. तुकडे एकेक करून, टोक पूर्ण आत बसेपर्यंत जोडा. टक्क आवाज यायला हवा. अर्धवट बसलेला जोड वाकवताना तिथेच फुटतो. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक याच्या पुढे होते: कापडाच्या बोगद्यातून पोल पलीकडून ओढायचा. ओढला की तुकडे सुटतात आणि मधला एक आतच अडकतो. पोल नेहमी मागून ढकलायचा, आणि दुसऱ्या माणसाने कापड पुढे सरकवत न्यायचं.

दोन्ही मुख्य पोल आडवेतिडवे गेले की एका बाजूची टोकं कोपऱ्यातल्या कडीत घाला आणि मग दुसरीकडून वाकवा. हे दोघांचं काम आहे. मधोमध धरून ढकलायची घाई करू नका, सगळी कमान सारखी वाकली पाहिजे.

शेवटी वरचं कव्हर. त्याच्या आतल्या बाजूला छोटे पट्टे किंवा वेलक्रो असतात, ते पोलला बांधायचे असतात. दहातले नऊ जण ते बांधतच नाहीत, कारण ते दिसत नाहीत. पण वाऱ्यात कव्हर आणि पोल एकत्र हलावेत ते ह्यांच्यामुळेच. आत वाकून शोधा आणि बांधा.

पहिल्यांदा हे सगळं करायला आम्हाला पाऊण तास लागला होता. तिसऱ्या वेळी पंधरा मिनिटं. दुसऱ्यांदा लावताना सूर्य मावळल्यावर लावा आणि फक्त डोक्याला बांधायचा टॉर्च वापरा. सहलीला पोचायला उशीर होतोच.

मेख ठोकायची ती तिरकी

आषाढात पालख्या सोलापूर जिल्ह्यात आल्या की रस्त्याकडेच्या माळांवर राहुट्या उभ्या राहतात, ते आपण लहानपणापासून बघतो. आमच्या गल्लीतले एक मामा कितीतरी वर्षं दिंडीत राहुट्या ठोकायच्या कामावर होते. मी प्लॉटवर मेख ठोकत होते तेव्हा ते कठड्याला टेकून बघत होते. शेवटी राहवलं नाही.

“ताई, उभी नका ओ ठोकू. उभी ठोकली की उपटून येतीय. डोकं तंबूपासनं लांब पाडा, टोक तंबूकडं जाऊ द्या.”

“किती तिरकी, मामा?”

“दोरीशी काटकोन झाला पाहिजे बघा. दोर तिला ओढतोय, ती मातीला रेटतीय.”

एवढ्यात सगळं आलं. दोरी, म्हणजे त्यांच्या भाषेत तणावा, जमिनीकडे तिरकी उतरते आणि मेख उलट्या बाजूला झुकलेली असते. डोकं जमिनीबाहेर जेमतेम दोरी अडकण्यापुरतं ठेवायचं. जास्त ठेवलं तर रात्री चालताना त्यालाच ठेच लागते.

तंबूबरोबर येणाऱ्या मेखा बहुधा पातळ तारेच्या असतात. लॉनवर चालतील. आपल्याकडच्या तिन्ही जमिनींवर त्यांची परीक्षा घ्या, कारण तिन्ही वेगळ्या वागतात.

मुरूम असेल तर त्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची जाड लोखंडी खिळे घ्या आणि दोरी सुटू नये म्हणून प्रत्येकात एकेक वायसर घाला. जमीन फारच कठीण असेल तर आधी पहारीने भोक पाडून घ्या.

काळी माती ऋतूप्रमाणे रूप बदलते. पावसानंतर ती लोण्यासारखी असते, मेख अंगठ्याने जाते आणि तेवढ्याच सहज बाहेर येते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेगेत गेलेली मेख कशालाच धरत नाही, त्यामुळे भेगेपासून वीतभर लांब ठोका. ओल्या काळ्या मातीत लांब आणि रुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पत्र्याच्या मेखा बऱ्या. मेखेवर मोठा दगड ठेवला तर आणखी बरं.

तिसरा प्रकार म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडा पडतो तो गाळ. वरून सुकलेला दिसतो, आत पाय रुततो. तिथे तंबू लावूच नये, पाण्याची पातळी बदलत असते. पण जवळच्या भुसभुशीत जमिनीवर लावायची वेळ आलीच तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरा, मधोमध दोरी बांधा आणि हातभर खड्ड्यात पुरून वर माती दाबा. अशी पुरलेली गोणी सहसा हलत नाही.

मेख काढताना दोरी धरून ओढू नका, कापडाचा टाका उसवतो. दुसरी मेख तिच्या डोक्यात आकड्यासारखी अडकवा आणि ज्या तिरक्या रेषेत ठोकली त्याच रेषेत वर खेचा. सगळ्या मेखांना लाल चिंधी बांधून ठेवा. गवतात हरवलेली मेख त्याशिवाय सापडत नाही.

दोऱ्या लावताना एवढंच बघा: प्रत्येक दोरी कव्हरच्या शिवणीच्या रेषेत जायला हवी. दोरीवर भोकं असलेली छोटी प्लास्टिकची पट्टी असते, ती सरकवून दोरी घट्ट करायची. कव्हर डफाच्या कातड्यासारखं ताणलेलं हवं आणि आतल्या तंबूपासून चार बोटं सुटं.

पाण्याची परीक्षा

यासाठी नळाला पाणी येण्याचा दिवस निवडा. आपल्याकडे ते रोज येत नाही, आणि साठवलेल्या पाण्याचे ड्रम तंबूवर ओतले तर घरात महाभारत होईल. पाणी सुटलं की पिंपं भरून झाल्यावर पाईप गच्चीवर घ्या. पाईपच्या तोंडाला झारीची जाळी लावून पाणी वरून पावसासारखं पडू द्या. खालून जोराची धार मारू नका. तसा पाऊस पडत नाही आणि धारेने बरी शिवणही गळते. पंधरा-वीस मिनिटं पुरे. एका माणसाने आत टॉर्च घेऊन बसायचं, हातात खडू. जिथे थेंब दिसेल तिथे खूण. तळावर जुनं वर्तमानपत्र पसरलं तर ओल पटकन दिसते.

पाणी कुठून येतं त्यावरून रोग कळतो. शिवणीच्या ओळीत थेंब म्हणजे शिवण गळते. नव्या तंबूत शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. ती सुटली आहे का बघा. शिवण बंद करायचं रसायन ट्यूबमध्ये मिळतं. कापडावर सिलिकॉनचा थर असेल तर सिलिकॉनचंच घ्या, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा असेल तर त्यासाठीचं. एकाचं दुसऱ्यावर धरत नाही. लावल्यावर पूर्ण सुकेपर्यंत तंबू घडी करायचा नाही. कव्हर आतल्या कापडाला टेकलेलं असेल तर पाणी तिथूनच झिरपतं. तो कापडाचा दोष नाही, तुमच्या दोरीचा आहे, पुन्हा ताणा. भिजल्यावर नायलॉन बरंच सैल पडतं, पॉलिएस्टर कमी. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी दोऱ्या एकदा परत आवळायच्या.

पिशवीवर २०००, ३००० असे मिलिमीटरचे आकडे असतात. तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या खांबाचा दाब कापड झिरपू न देता सोसतं, असा त्याचा अर्थ. तळाचा आकडा कव्हरपेक्षा जास्त असावा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो.

तळाखाली ताडपत्री अंथरत असाल तर ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं लहान हवी. बाहेर आलेल्या कडेवर कव्हरचं पाणी पडतं आणि ताडपत्री ते बरोबर तुमच्या पाठीखाली आणून सोडते. आम्ही ‘जास्त असू दे’ म्हणून मोठी घेतली होती. नंतर कापली.

सुती कापडाची राहुटी असेल तर गोष्ट वेगळी. ती नवी असताना एकदा चिंब भिजवून वाळवतात. सूत फुगतं आणि शिवणीची भोकं मिटतात. पॉलिएस्टरला याचा काही उपयोग नाही.

चौघांचा तंबू म्हणजे किती माणसं?

दुकानाच्या हिशोबात माणूस म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर रुंदीची पट्टी. २४० सेंटिमीटर रुंद तळावर चार पट्ट्या बसतात, हे गणित बरोबर आहे. पण त्यात कूस बदलायला जागा नाही, बॅगा नाहीत आणि मध्यरात्री आडवं पडणारं पोर तर नाहीच. खरेदी अजून झाली नसेल तर गच्चीवर खडूने तळाचा चौकोन आखा, त्यात घरातल्या गाद्या टाका आणि सगळे आडवे व्हा. चौघांच्या कुटुंबाला सहा माणसांचा तंबू घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. ह्यांचं मत वेगळं होतं, चौकोनात झोपून बघेपर्यंत.

एक रात्र गच्चीवर

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय आपल्याला आहेच, त्यामुळे मुलांना हे जड जात नाही. सहलीचंच अंथरूण घ्या, वेगळं नको. तळावर सतरंजी, तिच्यावर सोलापुरी चादर, पांघरायला दुसरी. चादर तंबूच्या खाली बाहेरून टाकू नका, सुती असल्याने पाणी शोषून बसते. हिवाळ्यात स्लॅबचा गारवा पहाटे तीनला पाठीतून वर येतो, तेव्हा पाठीखाली फोमची चटई हवी की नको ते तिथेच कळतं. आम्हाला कळलं. सकाळी चटया आणल्या.

त्या एका रात्रीत खूप बारीक गोष्टी समजतात. पाणी प्यायला उठलं की चेन किती आवाज करते. टॉर्च कुठे टांगायचा. चपला आत ठेवायच्या की बाहेर. शेतावर आतच, आणि घालण्याआधी झटकून, विंचवाचा भरवसा नाही. दाराची चेन प्रत्येकाने, सगळ्यात लहानानेसुद्धा, अंधारात स्वतः उघडून दाखवली पाहिजे. चेन कापडात अडकली तर झटका न देता मागे घ्यायची.

सकाळी कव्हरच्या आतून हात फिरवा. ओलं लागलं तर लगेच ‘गळतोय’ म्हणू नका. सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर ती आपल्याच श्वासाची वाफ आहे. वरच्या झरोक्यांचे फडके उघडे ठेवले होते का ते आठवा. थंडीत ते बंद करायचा मोह होतो, आणि मग चार माणसांची वाफ आतच राहते.

शेगडी, स्टोव्ह, कोळसा, काहीही तंबूत पेटवायचं नाही. चहासाठी नाही, ऊब यावी म्हणूनही नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. आगीची भीती वेगळीच. रात्रीच्या जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली की प्रश्नच मिटतो.

घडी

तंबू पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घडी नको. दव पडलेला तंबू पिशवीत राहिला तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि तो वास जात नाही. सहलीवरून ओला आणावाच लागला तर घरी आल्या आल्या गच्चीवरच्या दोरीवर टाका, सावलीच्या वेळी.

पोल मोडताना मधल्या जोडापासून सुरुवात करून टोकांकडे जा. त्यामुळे आतल्या इलॅस्टिकला दोन्हीकडे सारखा ताण येतो. दाराची चेन थोडी उघडी ठेवा म्हणजे गुंडाळताना आतली हवा बाहेर जाते. कापड पिशवीच्या लांबीएवढं घडी करून पोलभोवती घट्ट गुंडाळा. दर वेळी घडी थोडी वेगळ्या जागी पडू द्या, एकाच ठिकाणी मोडत राहिलं की वरचा थर तिथे तडकतो. तरीही कारखान्याच्या पिशवीत तो परत जाणार नाही. आम्ही घरातल्या फाटक्या सोलापुरी चादरीची मोठी पिशवी शिंप्याकडून शिवून घेतली. तंबू, ताडपत्री, खिळ्यांचा डबा, हातोडी, सुटी दोरी आणि तुटलेल्या पोलवर चढवायची धातूची नळी, सगळं त्यात मावतं.

पिशवीवर मार्करने लिहिलंय: पोल ३, मेखा १८, दोऱ्या ८. आणि ती आता माळ्यावर नसते, तिथे उंदीर आहेत. कपाटाच्या वर असते.